ठरावानंतरची शांतता

प्रिय आग्नेस सिस्टर,

त्या दिवशी सभेत ठराव वाचून झाल्यावर तुम्ही गप्प का बसलात?

तुम्ही होतात तेव्हा हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आता स्वतःलाच विचारते. कधी वाटतं, सचिव भराभर वाचत होते, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. कधी वाटतं, सगळं ऐकू आलं होतं, आणि पुढचंही दिसलं होतं. यातलं जास्त भीतीदायक कोणतं, तेही मला सांगता येणार नाही.

आज लिहायला बसले, कारण चर तुमच्या कुंपणापर्यंत आला आहे. वरच्या माळावरून निघालेला पाइपलाइनचा चर दिवाळीपासून रोज थोडा थोडा खाली सरकत होता. आता घाणेरीच्या कुंपणाशी येऊन थांबलाय. मठाच्या ओसरीवर बसलं की समोर विहीर दिसते, आणि विहिरीच्या पलीकडे तो दिसतो, आ वासून पडलेला. पाडवा झाला की मोटार बसवणार, असं माळावर ऊस असलेल्या आबांचा माणूस सांगून गेला.

तुम्हाला आठवतं, मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा केवढी होते? आई-दादा उसाच्या तोडीला निघाले होते आणि मला तुमच्या वसतिगृहात ठेवायला घेऊन आले होते. आमचं घर माळकरी. दादांनी दबकत विचारलं, "सिस्टरबाई, पोरीला बाटवणार न्हाई ना?" तुम्ही म्हणालात, "नाही हो. फक्त रोज आंघोळ घालू." आई हसली, म्हणून मी रडायची थांबले.

तुम्ही वसईच्या. भाताच्या, वाडीच्या, समुद्राच्या. धारूरच्या घाटाखालच्या या खडकावर तुमच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या मठाने तिघी सिस्टरांचं हे छोटं घर बांधलं, आणि तुम्ही आयुष्यभरासाठी इथे आलात. "एकदा घर धरलं की सोडायचं नाही, असा आमचा नेम आहे," म्हणायचात. मला तेव्हा ते लग्नासारखं वाटायचं.

आणि तुमचं सकाळचं वाचन! मठातली प्रार्थना तुम्ही तिघी आतच करायचात, पण वचनाचं वाचन ओसरीवर व्हायचं, कुणालाही येऊन बसायला मुभा. महिला दूध संस्थेचं संकलन केंद्र मठाच्या फाटकाशीच. बायका दूध घालायच्या, रिकामी कासंडी शेजारी ठेवायच्या आणि घटकाभर टेकायच्या. देवासाठी किती जणी येत आणि सावलीसाठी किती, हे तुम्ही कधी बघितलं नाही.

एक उतारा तुम्ही तीनदा वाचायचात. दर वेळी मध्ये शांतता. शेवटी प्रत्येकीने आपल्याला अडलेला एक शब्द सांगायचा. त्यावर कुणी हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. त्या दिवसाला जो उतारा नेमलेला तोच, तुम्ही कधी निवडला नाहीत. धोंडाबाईला हे पटायचं नाही.

"कंदीतरी आमच्या आवडीचं वाचा की, सिस्टरबाई!"

"पाऊस काय तुमच्या आवडीनं पडतो, धोंडाबाई?"

"आवडीनं कुठला? त्यो तर पडतच न्हाई!"

वचन पटकन गिळायचं नसतं, असं तुम्ही सांगायचात. एक शब्द धरायचा आणि गाईसारखा रवंथ करायचा. आमच्या बायकांना हे लगेच कळलं, पुस्तकात शिकून मला जेवढं कळलं असतं त्याहून लवकर. पण धोंडाबाईने तिथेही अडवलंच. "गाय रवंथ करून दूध देती. आमी काय देणार?" तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "तेच तर. शेवटी कुणाच्या तरी तांब्यात काहीतरी पडलं पाहिजे. नाहीतर नुसतंच चघळणं."

आमच्या गावात बायकांना गप्प बसायला पुष्कळांनी शिकवलंय. बापाने, सासूने, मुकादमाने. तुमच्या ओसरीवरचं गप्प बसणं निराळं होतं. तिथे आपल्या गप्प बसण्याला कुणीतरी कान देऊन आहे, असं वाटायचं. मी अंबाजोगाईला कॉलेजात असताना सुट्टीत आले की आधी तिथे येऊन बसायचे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. पण शांत बसता येणं ही माझी पहिली कमाई होती, असं मला अजून वाटतं.

म्हणूनच राग येतो, सिस्टर. तुमच्यावर राग धरलेला तुम्हाला चालेल का?

भाद्रपदातली ती वार्षिक सभा. पाऊस पाठ फिरवून गेला होता, माळ करपला होता. ओसरीसमोरची विहीर तुम्ही फार आधीच दूध संस्थेला देऊन टाकली होती, गावच्या गुरांना बारमाही पाणी मिळावं म्हणून. आजूबाजूच्या बोअर फुफाट्यासारखी धूळ ओकत होत्या, तेव्हाही तिला पाणी होतं. ते पाणी आबांच्या नजरेत भरलं. आबांची उपसा सिंचन संस्था आहे, वर माळावर त्यांचा ऊस आहे. आणि आमच्या महिला संस्थेच्या अध्यक्षीण म्हणजे आबांच्या भावजय. आता हे सगळं किती सरळ दिसतं!

मी सभासद नव्हते. मंडपाच्या कडेला चहाचे कप भरत उभी होते. सचिवांनी ठराव वाचला: संस्थेच्या विहिरीचं पाणी उपसा योजनेला द्यावं. बायका ऐकत होत्या. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या जागी, तुम्ही होतात. ठराव संपला आणि तुम्ही मान खाली घातलीत, डोळे मिटलेत. तुमच्या मागे धोंडाबाईने घातली. मग आईने. मग सगळ्याच रांगांनी. हात मांडीवर, पदर डोक्यावर. ओसरीवर वाचन झाल्यावर बसायच्या तशाच!

सचिव थांबले. त्यांनाही जरा नवल वाटलं असावं. "कुणाची हरकत? न्हाई? बरं. सर्वानुमते मंजूर."

मागे उभ्या असलेल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "बायांची शिस्त बघा बे! आपल्या सभेत खुर्च्या मोडत्यात. सिस्टरनं काय वळण लावलंय!"

घरी जाताना धोंडाबाई चिडलेली होती. "आता आपला शब्द सांगायचा व्हता ना? मी 'गुरं' म्हणणार व्हते. आमाला कुणी विचारलंच न्हाई, चहाच वाटत सुटले!" ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाची वाट बघत होती, सिस्टर. मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीचं नेमलेलं वाचन बायबलातल्या इसहाकाच्या विहिरींचं निघालं. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी वैऱ्यांनी मातीने बुजवून टाकल्या. त्याने दुसरी खणली. जिवंत झरा लागला, तर तिथले गुराखी आले आणि म्हणाले, पाणी आमचं. तुम्ही तिथेच थांबलात. पुस्तक मिटलंत. "आज एकदाच," म्हणालात आणि उठलात. इतक्या वर्षांत तुम्ही वाचन अर्धं टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. कासंड्या घेऊन बायका मुकाट पांगल्या. शब्द कुणीच सांगितला नाही.

संध्याकाळी तुम्ही मला बरोबर घेऊन आबांच्या वाड्याकडे गेलात. मला लिंबाखाली थांबवलंत. बाहेर आलात तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा दिला. साखर फार होती."

"आणि?"

तुम्ही फाटकापर्यंत चालत आलात. मग म्हणालात, "मनीषा, मला वाटत होतं, मी बायकांना ऐकायला शिकवतेय." त्या वाक्याचं दुसरं अर्धं कुठे आहे, सिस्टर? मी ते अजून शोधतेय.

दिवाळी झाली. ट्रक आले, ट्रॅक्टर आले, अर्धं गाव भांडी-कुंडी बांधून तोडीला गेलं. आई-दादाही गेले. गाव रिकामं झालं आणि माळावर जेसीबी सुरू झाला. हे आबांना बरोबर ठाऊक होतं, कधी सुरू करायचं ते! गल्लीत कुलपं, म्हातारी माणसं, बांधलेली कुत्री, आणि दिवसभर ती घरघर. तुमच्या स्तोत्रांच्या मध्ये ती घुसायची. तुम्ही आवाज वाढवला नाहीत. थांबायचात आणि घरघर जरा खाली बसली की पुढची ओळ घ्यायचात.

ओसरीवर आता तुम्ही तिघी, मी, आणि कोयता पेलवत नाही म्हणून मागे राहिलेली धोंडाबाई. एलिया संदेष्ट्याचं वाचन आलं ते याच दिवसांत. दुष्काळात देवाने त्याला ओढ्याकाठी ठेवलं, कावळे त्याला भाकर आणून द्यायचे.

"कावळं भाकर आणत्यात?" धोंडाबाई म्हणाली. "आमची तर नेत्यात."

पुढे पाऊस नाही म्हणून ओढाही आटला आणि एलियाला उठून परमुलखात जावं लागलं. "म्हंजी त्यालाबी तोड लागली की!" तिने वाचनातच तोंड घातलं होतं, नेम मोडला होता. एरवी तुम्ही हसला असता. त्या दिवशी तुम्ही विहिरीकडे बघत होतात. कडेला ओलीची जुनी रेघ होती आणि पाणी तिच्याखाली पार उतरलं होतं. अजून मोटार बसायची होती, तरी!

फाल्गुनात तुमचा ताप उतरेना. तुमच्या खोलीत मी वाचायला बसले. तुम्ही खुणेने थांबवलंत. "मशीन थांबलं की वाच." मशीन थांबलं नाही. मी पुस्तकात बोट घालून बसून राहिले आणि तुमचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला अंबाजोगाईला नेलं. परत आणलं तेव्हा चेहऱ्यावर पांढरं कापड होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मठाच्या आवारात तुमची कबर खणायला माणसं लागली, पण मुरूम एवढा तापून घट्ट झाला होता की टिकाव उडून परत यायचा. धड माणसंही गावात नव्हती. तेव्हा आबांनी जेसीबी पाठवला. तोच. सकाळपर्यंत चर खणत होता, तो तुमच्यासाठी खड्डा खणून पुन्हा चरावर गेला. त्याच्या दातांना दोन्हीकडची माती होती. सगळे म्हणाले, बघा, आबांचं मन किती मोठं! मला तिथे उभं राहवेना.

माती लोटून झाल्यावर आबा माझ्याकडे आले. डोळे पुसत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं असं मी आजही म्हणेन. "सिस्टर म्हंजी आमची माउली व्हती. मने, तू बीए झालीस न्हवं? आमच्या उपशाच्या संस्थेत सचिव पाहिजे. पगार बरा हाय. बापाला म्हणावं, ठिव आता कोयता." मग ते जरा वाकून हळूच म्हणाले, "सिस्टरच्या हाताखालची पोरगी हायस. तू बसलीस की बायाबी गप राहतील."

पुढच्याच आठवड्यात नेमणुकीचा कागद घरी आला. तोड संपवून आई-दादा परतले, तेव्हा तो देवघरात ठेवला होता. शेजारच्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून दादा भेटेल त्याला तेच सांगत आले होते. मी नको म्हणाले तेव्हा ते खाटेवर टेकले.

"कावून नको? आपल्या घरातली पयली नोकरी हाय ती!"

"दादा, विहिरीचं पाणी उचलायच्या कागदावर पहिली सही माझी होईल."

"विहीर काय तुझ्या बापाची हाय का?"

"सगळ्यांची आहे."

"मग सगळे बघतील की!"

आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. "सगळे नुसतेच बघत्यात, म्हणून तर चाललीय विहीर." मग दादांकडे न बघता मला म्हणाली, "त्या दिशी मी न्हाई म्हणणार व्हते, मने. सिस्टर डोळे कवा उघडत्यात, त्याची वाट बघत बसले."

सिस्टर, हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. तुम्ही डोळे उघडले असते तर? आईने वाट बघितली नसती तर? तुम्ही आम्हाला ऐकायला शिकवलंत, पण ज्याचं ऐकायचं ते वचन कोणतं आणि नुसता वाचून दाखवलेला कागद कोणता, हे कुठे शिकवलंत? की ते आम्हाला कळेलच असं धरून चाललात? तुमचा आमच्यावर फार विश्वास होता. एवढा विश्वास बरा नाही हो!

तुमच्या मागे राहिलेल्या दोघी सिस्टरांना मी विचारलं, काय करू? थोरल्या म्हणाल्या, "विहीर दिली ती दिली. सभासद तुमच्या बायका आहेत. बोलायचं त्यांनीच." तेव्हा कायदा वाचला, कॉलेजातल्या बाईंना फोन केला. पुरेशा सभासदांनी लेखी मागितलं तर विशेष सभा बोलवावी लागते आणि ठराव पुन्हा मांडता येतो, असं त्या म्हणाल्या. मग मी दारोदार निघाले.

काय सांगू! एकीने दार लोटून घेतलं. एकीचा मुलगा आबांच्या चारा छावणीत कामाला, ती म्हणाली, "बाई, मला तू दिसलीच न्हाईस असं समज." एकीने सही केली आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता उठून, पिठाच्या हाताने आमच्याकडे येऊन नाव खोडून गेली. धोंडाबाईने मात्र अंगठा पुढे केला. "घे. दुसरा बी घे. पायाचं पाहिजेत का?"

आईची सही सगळ्यांच्या वर आहे. दादांनी तिला अडवलं नाही. उठून गोठ्यात गेले.

त्यानंतर दिवस असे चाललेत, सिस्टर. सह्या केलेल्या घरांचं दूध केंद्रावर नासकं म्हणून परत येतं, सकाळी काढलेलं असलं तरी. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो, क्षणभर थांबतो आणि पुढे निघून जातो. ओळखीची माणसं वाटेत भेटली की चप्पल बघत चालतात. परवा कुणीतरी विहिरीच्या काठावर मेलेलं कुत्रं आणून टाकलं. वाऱ्यावर वास येतो, तसा मला पुढच्या दिवसांचा वास येतो. मला भीती वाटते. तुम्हाला खोटं कशाला लिहू?

पण एक सांगायचं राहिलं. ओसरीवरचं वाचन बंद नाही. मी वाचते. तुमच्या धर्मात मी आले नाही, तुम्ही कधी ये म्हणालाही नाहीत. तरी तुमची जागा रिकामी ठेवून बाजूला बसते आणि नेमलेलं वाचते. काल शब्द सांगताना एक बाई रडली, दुसरी तिला रागावली, तिसरी म्हणाली, "रागवू नको, रडू दे, मग सभेत बोलेल." नेम मोडला. मी मोडू दिला. तुम्ही रागावाल का?

मी तुम्हाला वचन देते, मी इथे आहे तोवर त्या ओसरीवर शांतता राहील, आणि ती कुणालाही संमती म्हणून उचलून नेता येणार नाही. विहीर राहील की जाईल, याचं वचन मला देता येत नाही. ते माझ्या हातात नाही. गेलीच, तर ती बायकांनी तोंडाने सांगितलेल्या शब्दावर जाईल, खाली घातलेल्या मानेवर नाही.

आज सकाळच्या एसटीने मी धारूरला गेले. दोन्ही संस्थांचं दप्तर आबांच्याच कचेरीत असतं. आबा होते, त्यांच्या भावजय होत्या, सचिव होते. नेमणुकीचा कागद मी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही नोकरी मी करणार नाही." मग बायकांची मागणी ठेवली. आबांनी ती सावकाश वाचली. पहिलं नाव बघून विचारलं, "बापाला ठाव हाय का हे?"

"ठाऊक आहे."

"बरं." त्यांनी कागद सचिवांकडे सरकवला. "पोच द्या पोरीला." आणि मला म्हणाले, "ऊन लई हाय. संभाळून जा."

पोच घेऊन मी परत आले आहे. मागणीखाली 'सादर करणार' म्हणून माझी सही आहे, पूर्ण नावाची, वाचता येईल अशी.

तुमचीच,
मनीषा